बरोबर असणं आणि माहीत असणं : प्लेटोच्या ‘थिएटेटस’बद्दल

पाणवठा

प्लेटोचा ‘थिएटेटस’ हा संवाद नुकताच पुन्हा वाचला आणि त्यावर इथे बोलावंसं वाटलं. ग्रीक तत्त्वज्ञान म्हटलं की बहुतेकांना गुहेतले कैदी आठवतात, सॉक्रेटिसचा विषाचा पेला आठवतो. ‘ज्ञान म्हणजे काय’ या एकाच प्रश्नाचा शेवटपर्यंत पिच्छा पुरवणारा हा संवाद फारसं कुणी उघडत नाही. मला तो प्लेटोच्या सगळ्या लेखनात सर्वांत प्रामाणिक वाटतो.

सुरुवात मेगारा गावात होते. तिथला युक्लिडीस (भूमितीवाला नव्हे, सॉक्रेटिसच्या मित्रांपैकी) सांगतो की थिएटेटसला कॉरिंथच्या छावणीतून अथेन्सला नेत होते तेव्हा त्याची गाठ पडली. अंगावर जखमा, त्यात सैन्यात पसरलेली हगवण. वाचेलसं दिसत नाही. मग युक्लिडीस फार पूर्वी टिपून ठेवलेलं एक संभाषण गुलामाकडून वाचून घेतो. त्या संभाषणात हाच थिएटेटस कोवळा मुलगा आहे. नाक बसकं, डोळे बाहेर आलेले, म्हणजे रूपाने थेट सॉक्रेटिस, आणि गणितात विलक्षण बुद्धीचा. साल इ.स.पू. ३९९, सॉक्रेटिसवर खटला झाला ते.

सॉक्रेटिस त्याला विचारतो, ज्ञान म्हणजे काय? मुलगा यादी देतो: भूमिती, चांभारकाम, इतर कारागिरी. सॉक्रेटिस म्हणतो, एक मागितलं तर तू ढीगभर दिलंस. तेव्हा थिएटेटसला आठवतं की त्याचे गुरू थिओडोरस यांनी ३ चौरस फुटांच्या चौरसाची बाजू, मग ५ ची, असं करत १७ पर्यंतच्या बाजू एक फुटाच्या मापाने मोजता येत नाहीत हे एकेक करून दाखवलं होतं. आणि त्याने व त्याच्या मित्राने त्या सगळ्यांना कवेत घेणारी एकच व्याख्या शोधली. सॉक्रेटिस म्हणतो, ज्ञानाचंही असंच करून दाखव. हा प्रसंग मला फार आवडतो. समोरच्या मुलाला जे उत्तम येतं, त्याच्यातूनच त्याला कळतं की आपल्याकडून काय मागितलं जातंय.

थिएटेटस तीन उत्तरं देतो. ज्ञान म्हणजे इंद्रियांना होणारी जाणीव. ज्ञान म्हणजे खरं मत. ज्ञान म्हणजे खरं मत आणि सोबत त्याचं स्पष्टीकरण. तिन्ही पडतात, आणि संवाद उत्तराविना संपतो.

मला बोलायचंय ते दुसऱ्या उत्तराबद्दल. ते सॉक्रेटिस जेमतेम एका पानात निकालात काढतो, पण कसं ते बघा. समजा एखाद्याला लुटलं, बघणारं कुणी नव्हतं. अथेन्सच्या न्यायालयात पाणघड्याळ चालू आहे. त्यातलं पाणी संपायच्या आत बोलणाऱ्याने पंचांचं मन वळवलं आणि पंचांनी निकाल दिला. निकाल बरोबरही आहे. तर काय घडलं ते पंचांना माहीत होतं का? नाही. ते फक्त प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाच माहीत असू शकतं. पंचांचं मत खरं होतं, एवढंच. म्हणजे बरोबर असणं वेगळं, माहीत असणं वेगळं. व्हॉट्सॲपवर आलेली बातमी पुढे खरी निघाली, म्हणून ती पाठवणाऱ्याला माहीत होती असं आपणही म्हणत नाही. या दोहोंमधलं अंतर नेमकं कशाने भरतं? माझ्या मते ग्रीकांनी या विषयात विचारलेला हा सर्वांत मोठा प्रश्न. खरं काय आहे हे पुष्कळांनी सांगितलं. खरं बोलणाऱ्याजवळ आणखी काय असायला हवं, हे इतक्या चिकाटीने विचारणारा माणूस मला दुसरा दिसत नाही.

तुम्हाला काय वाटतं?

तिसरा_प्रहर

लेख आवडला, पण पहिलं उत्तर तुम्ही एका ओळीत संपवलंत. संवादाचा निम्म्याहून अधिक भाग त्यावर आहे! थिएटेटस ‘जाणीव म्हणजे ज्ञान’ म्हणतो, आणि सॉक्रेटिस लगेच सांगतो की हे तर अब्देराच्या प्रोटॅगोरसचं म्हणणं: माणूस हेच सगळ्या गोष्टींचं माप. एकच वारा एकाला गार लागतो, दुसऱ्याला लागत नाही. मग वारा स्वतः गार की गार नाही? प्रोटॅगोरस म्हणेल, ज्याला गार लागतो त्याच्यासाठी गार.

यावर सॉक्रेटिसचं प्रसिद्ध उत्तर असं की सगळ्यांचीच मतं खरी असतील, तर ‘प्रोटॅगोरस चुकतोय’ हे लोकांचं मतही खरं, आणि प्रोटॅगोरसला ते कबूल करावं लागेल. टाळ्या मिळवणारा युक्तिवाद आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही. प्रोटॅगोरस म्हणू शकतो की ते त्यांच्यापुरतं खरं, माझ्यापुरतं नाही. गंमत म्हणजे प्लेटोलाही हे जाणवलं असावं, कारण तो लिहितो की आता प्रोटॅगोरसने जमिनीतून मानेपर्यंत डोकं वर काढलं, तर तो आपल्या दोघांनाही मूर्ख ठरवून पुन्हा खाली जाऊन पळून जाईल.

शिवाय सॉक्रेटिस स्वतः त्याच्या वतीने लांबलचक भाषण करतो. आजाऱ्याला अन्न कडू लागतं, धडधाकट माणसाला गोड. आजारी अडाणी ठरत नाही. वैद्य त्याला खोट्यातून खऱ्याकडे नेत नाही. वाईट अवस्थेतून बऱ्या अवस्थेत नेतो. शहाणा माणूसही शब्दांनी तेच करतो. आपल्या विरोधकाची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडून मग तिच्याशी वाद घालणं, हे मला इतरत्र फार कमी दिसलंय.

कुतूहल

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न : तिसरं उत्तर का पडलं? खरं मत अधिक स्पष्टीकरण, मला तर यात काहीच खोट दिसत नाही. गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर आणि पायऱ्याही लिहिल्या, तर विद्यार्थ्याला येतं असंच म्हणतात ना?

गणितवेडी

@कुतूहल, मी शाळेत गणित शिकवते, म्हणून हा प्रश्न माझाच समजते.

पायऱ्या लिहिल्या म्हणजे येतं, असं नाही हो. प्लेटोने नेमकं हेच उदाहरण दिलंय. तो म्हणतो, गाडी म्हणजे काय विचारलं तर आपण चाकं, आस, जू असं सांगू. हेसिअड कवीने गाडीला शंभर लाकडं असतात म्हटलंय, ती शंभरही कुणी मोजून दाखवली तर त्याच्याकडे गाडीचं ज्ञान आहे म्हणायचं का? मग तो लिहायला शिकणाऱ्या मुलाकडे वळतो. मूल ‘थिएटेटस’ हे नाव लिहिताना पहिल्या अक्षरासाठी ‘थीटा’ (ग्रीक ‘थ’) काढतं, बरोबर. तेच मूल ‘थिओडोरस’ लिहायला बसतं आणि पहिलं अक्षर ‘टाऊ’ (ग्रीक ‘त’) काढतं. दोन्ही नावांचा आरंभ एकच. म्हणजे पहिलं नाव लिहिताना त्याने एकेक अक्षर ओळीने बरोबर लिहिलं, मत खरं, घटकांची पूर्ण यादी सोबत, तरी त्याला ते अक्षर येत नव्हतं.

वर्गात हे सतत दिसतं. अपूर्णांकांची बेरीज पाठ्यपुस्तकातल्या पायऱ्यांसकट करणारी मुलगी, तोच प्रश्न जरा वेगळ्या कपड्यांत आला की अंश अंशात आणि छेद छेदात मिळवून मोकळी होते. तेव्हा कळतं की आधीची बरोबर उत्तरंसुद्धा तिची नव्हती. चोवीसशे वर्षांपूर्वीच्या माणसाने हे एका अक्षरावरून ओळखलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

याचा जोड-संवाद म्हणजे ‘मेनो’. तिथे सॉक्रेटिस मेनोच्या एका गुलाम मुलाला विचारतो : दोन फूट बाजूचा चौरस आहे, त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती? मुलगा झटकन म्हणतो, चार. होतात सोळा. मग म्हणतो तीन. होतात नऊ. हवे होते आठ. आता मुलगा थांबतो आणि सांगतो की मला माहीत नाही. इथे सॉक्रेटिस मेनोला म्हणतो, बघ, तो आता आधीपेक्षा बऱ्या स्थितीत आहे. मग सॉक्रेटिस आकृती काढत प्रश्न विचारत जातो आणि मुलगा कर्णाच्या उत्तरापाशी पोचतो. त्यानंतरचं वाक्य शिक्षकांनी तरी विसरू नये : ही मतं त्याच्यात आत्ता स्वप्नासारखी जागी झाली आहेत, हेच त्याला पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं तर त्याचं ज्ञान होईल.

आणि पाणवठा, तुमच्या मूळ प्रश्नाचं एक उत्तर ‘मेनो’च्या शेवटी आहेच की. लारिसाला जायचा रस्ता ज्याला माहीत आहे तो आणि ज्याने तो बरोबर ताडलाय तो, दोघेही लारिसालाच पोचतात. मग ज्ञान अधिक मोलाचं का? सॉक्रेटिस दंतकथेतल्या कारागीर डिडॅलसच्या पुतळ्यांचा दाखला देतो. ते बांधून ठेवले नाहीत तर रात्रीतून पळून जात, अशी कथा होती. खरी मतंही तशीच. कारण समजून ती बांधली तर टिकतात.

आडवाट

फार चांगला धागा. पण सगळे प्लेटोपाशीच थांबलात. खरी झुंज पुढे, इ.स.पू. तिसऱ्या आणि दुसऱ्या शतकात झाली. स्टोइक एका बाजूला, आणि प्लेटोच्याच अकादमीतले संशयवादी दुसऱ्या बाजूला.

स्टोइक पंथाचा संस्थापक, किटियमचा झीनो, हाताने शिकवायचा. रोमन लेखक सिसरोने हे वर्णन ठेवलंय. उघडा तळवा दाखवायचा : मनावर उमटणारा ठसा असा असतो. बोटं जराशी दुमडायची : त्या ठशाला दिलेला होकार. मूठ वळायची : पक्की पकड. मग डाव्या हाताने ती मूठ घट्ट आवळायची आणि म्हणायचं, ज्ञान हे असं, आणि ते ज्ञानी माणसाखेरीज कुणाकडे नसतं. पाणवठा यांच्या प्रश्नाला, बरोबर असणं आणि माहीत असणं यांत काय फरक, इतकं नेमकं उत्तर आधी कुणी दिलं नव्हतं. मूठ आणि आवळलेली मूठ यांच्यात जो फरक, तो.

अकादमीच्या आर्केसिलाउसने बोट ठेवलं ते मुठीवरच. खऱ्या गोष्टीपासून उमटलेला ठसा आणि अगदी तसाच, पण खोट्या गोष्टीपासून उमटलेला ठसा यांत फरक कसा करणार? जुळी भावंडं घ्या. दोन अंडी घ्या. यावर स्टोइक बाजूने आलेलं उत्तर मला अतिशय आवडतं : डेलॉस बेटावर कोंबड्या पाळणारे लोक नुसतं अंडं बघून ते कुठल्या कोंबडीचं हे सांगत. म्हणजे फरक असतोच. तुमची नजर तयार झालेली नाही, एवढंच.

आणि ती डाळिंबांची गोष्ट. स्फेरस हा स्टोइक तत्त्वज्ञ इजिप्तमध्ये टॉलेमी राजाच्या दरबारी होता. राजाने मेणाची डाळिंबं समोर ठेवायला लावली. स्फेरस फसला. राजा ओरडला, खोट्याला होकार दिलास! स्फेरस म्हणाला, ही डाळिंबं आहेत याला मी होकार दिला नव्हता. ही डाळिंबं असणं संभवनीय आहे, याला दिला होता. पुष्कळ लोक याला पळवाट समजतात. मला तसं वाटत नाही. आपण नेमक्या कोणत्या वाक्याला ‘हो’ म्हणतोय याचा इतका बारीक हिशोब ठेवणं ही मोठी शिस्त आहे, आणि आज तर ती फारच हवी.

पुढे कार्निएडीसने, अकादमीचाच, एक उदाहरण वापरलं. अंधाऱ्या खोलीत वेटोळं पडलंय. माणूस साप समजून उडी मारून पलीकडे जातो. मग मागे वळून बघतो तर ते हलत नाही, दोरी असावी. पण थंडीत सापही निपचित पडतात. म्हणून तो काठीने ढोसतो. तरीही हललं नाही, तेव्हा कुठे तो दोरी म्हणायला तयार होतो. पूर्ण खात्री मिळणार नसेल तरी तपासाच्या पायऱ्या असतात, आणि जिवाचा प्रश्न असेल तेव्हा जास्त पायऱ्या चढायच्या.

उंबरा

अरे वा, रज्जुसर्प! ग्रीकांकडेही तो होता हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कुणी कुणाकडून घेतला या वादात मी शिरत नाही, तसा पुरावा नाही. पण दोघांनी त्याच दोरीकडून वेगळं काम करून घेतलंय ते बघण्यासारखं आहे. गौडपादांच्या कारिकांत आणि शांकर वेदान्तात दोरी कळली की साप मुळी नव्हताच हे कळतं. मुद्दा जगाच्या भासमान असण्याचा आहे. ज्ञानेश्वरीतही हा दृष्टान्त पुन्हा पुन्हा येतो, त्याच अर्थाने. कार्निएडीसला दोरीच्या पलीकडच्या सत्याशी कर्तव्य नाही. त्याला काठीने ढोसण्याशी आहे.

पंचांच्या उदाहरणाला मात्र आपल्याकडे सख्खा भाऊ आहे. १२ व्या शतकातल्या श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात नैयायिकांच्या (न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या) प्रमेच्या, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या, व्याख्येवर हल्ला चढवला. एक जण मुठीत पाच कवड्या धरून विचारतो, किती? दुसरा उगाच म्हणतो, पाच. बरोबर! अनुभव वस्तूला धरून आहे, मग ही प्रमा का म्हणू नये? आणि म्हणायची नसेल, तर व्याख्येत काय घालणार? जे घालाल त्याची श्रीहर्ष चिरफाड करतो. पाश्चात्त्य विद्यापीठांत हाच प्रश्न १९६३ मध्ये एडमंड गेटियर यांच्या जेमतेम तीन पानांच्या लेखाने पेटला. सयुक्तिक कारण असलेलं खरं मतसुद्धा निव्वळ योगायोगाने खरं असू शकतं, हे त्यांनी दोन उदाहरणांत दाखवलं. म्हणजे थिएटेटसचं तिसरं उत्तर २० व्या शतकात पुन्हा एकदा पडलं.

मग पिऱ्होचंही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी विचारेलच. एलिसचा पिऱ्हो हा संशयवाद्यांचा आदिपुरुष. तो सिकंदराच्या स्वारीबरोबर भारतात आला होता आणि इथल्या नग्न साधूंना भेटला, असं डायोजिनीस लॅअर्शियस लिहितो. पण हा चरित्रकार पिऱ्होनंतर पाचेकशे वर्षांनी झालेला. तेवढ्या आधारावर ‘सगळं इथूनच गेलं’ असा इमला चढवू नये.

नदीकाठ

एक गोष्ट राहतेय. ज्ञान म्हणजे काय याआधी ग्रीकांनी विचारलं होतं की जग कसं असेल तर ते कळेल? एफिससचा हेराक्लिटस सगळ्यात बदल बघतो. दक्षिण इटलीतल्या एलियाचा पार्मेनिडीस नेमका उलटा : जे आहे ते आहेच, ते उत्पन्न होत नाही, नष्ट होत नाही, बदलत नाही. त्याच्या काव्यात एक तरुण रथातून देवीकडे जातो आणि देवी त्याला दोन गोष्टी शिकायला सांगते, सत्याचं अविचल काळीज आणि माणसांची मतं. ते काव्य पूर्ण उरलेलं नाही. जे आहे त्यातलं बरंचसं इ.स. सहाव्या शतकातल्या सिम्प्लिशियस या भाष्यकारामुळे. ग्रंथ दुर्मीळ झालाय म्हणून त्याने लांब लांब उतारे आपल्या भाष्यात मुद्दाम उतरवून ठेवले. या माणसाचे आपल्यावर केवढे उपकार!

‘थिएटेटस’मधला हेराक्लिटसवरचा युक्तिवाद याच टकरीतून येतो. सगळं सर्व बाजूंनी क्षणोक्षणी बदलत असेल, तर ‘मी पाहतोय’ म्हणेपर्यंत पाहणंही बदलून न-पाहणं झालेलं असणार. मग जाणीव म्हणजे ज्ञान, हे वाक्य बोलायलाही जागा उरत नाही.

आणि प्रोटॅगोरसच्याच गावचा डेमोक्रिटस. गोड, कडू, ऊन, थंड, रंग ही सगळी माणसांची रीत; खरोखर आहेत ते अणू आणि पोकळी, असं तो म्हणतो. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यानेच इंद्रियांच्या तोंडी घातलेलं उत्तर गेलन या प्राचीन वैद्याने जपून ठेवलंय. इंद्रियं बुद्धीला म्हणतात : बिचाऱ्या बुद्धी, पुरावे आमच्याकडून घेतेस आणि आम्हालाच पाडतेस? आमचं पडणं म्हणजे तुझाच नाश. आपल्या सिद्धान्ताची सर्वांत दुखरी जागा त्याने स्वतः दाखवून दिली.

पाणवठा

इतके भरलेले प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

@तिसरा_प्रहर, प्रोटॅगोरसबद्दल बरंचसं मान्य. पण त्याला खरा घाव बसतो तो भविष्याच्या मुद्द्याने. मला ताप येणार की नाही याबद्दल माझं आणि वैद्याचं मत वेगळं असेल, तर उद्या एकाचंच खरं ठरेल. वाइन कशी उतरेल हे शेतकऱ्याला कळतं, वीणा वाजवणाऱ्याला नाही. आज मला जे वाटतंय त्याचं माप मी असेन. उद्या काय होणार याचं माप मी नाही. प्रोटॅगोरस स्वतः शिकवायचे भरपूर पैसे घेत असे, आणि लोक ते देत, कारण आपलं पुढे काय भलं होईल हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं त्यांना वाटे.

@नदीकाठ, डेमोक्रिटसचा तो उतारा इथे आणलात हे फार चांगलं केलंत. पहिल्या उत्तराचा शेवटचा निकाल लागतो तोही याच जागी. सॉक्रेटिस विचारतो, आपण डोळ्यांनी पाहतो की डोळ्यांमधून? रंग डोळ्यांतून येतो, आवाज कानांतून. पण रंग आणि आवाज दोन्ही ‘आहेत’, ते एकमेकांपासून वेगळे आहेत, ते मिळून दोन आहेत, हे कुठल्या इंद्रियातून आलं? कुठल्याच नाही, ते मन स्वतः बघतं. आणि ‘आहे’पर्यंत ज्याची पोच नाही त्याला सत्य गाठता येणार नाही. मला हा युक्तिवाद ‘सगळ्यांची मतं खरी’ वाल्या कोटीपेक्षा कितीतरी भक्कम वाटतो. डेमोक्रिटसची इंद्रियं यावर तक्रार करतीलच, आणि त्यांची तक्रार खोडून काढणारं उत्तर मला प्लेटोत सापडत नाही.

@गणितवेडी, पुतळे बांधण्याची गोष्ट मला पटते, पण तिने माझा प्रश्न मिटत नाही. ‘कारण समजणं’ ही दोरी. ती दोरी पक्की आहे हे कशावरून, असं विचारलं की आपण पुन्हा थिएटेटसच्या तिसऱ्या उत्तरापाशी येतो. ‘मेनो’ आधीचा आहे आणि ‘थिएटेटस’ नंतरचा, असं अभ्यासक मानतात. म्हणजे प्लेटोने स्वतःचंच आधीचं उत्तर पुन्हा तपासायला काढलं आणि ते पडू दिलं. मी याला प्रामाणिक म्हणतो ते यासाठी.

कुतूहल

सर्वांचे आभार, गणितवेडीताई तुमचे विशेष. ते थीटा-टाऊचं उदाहरण आमच्या मुलाच्या शुद्धलेखनाला तंतोतंत लागू पडलं. आता मूळ वाचायचं म्हणते. कुठून सुरू करू?

पाणवठा

‘मेनो’पासून करा, लहान आहे आणि एका बैठकीत होतो. त्यानंतर ‘थिएटेटस’, पण पक्ष्यांच्या पिंजऱ्याचा भाग, म्हणजे चूक होणं मुळात शक्य कसं याची चर्चा, पहिल्या वाचनात अडला तर पुढे जा आणि मग परत या. तो मधला भाग खरोखर कठीण आहे. स्टोइकांसाठी आडवाट यांनीच वेगळा धागा काढावा अशी विनंती. ‘थिएटेटस’च्या शेवटी सॉक्रेटिस आरोपपत्राच्या कामासाठी राज-आर्कन या अथेन्सच्या अधिकाऱ्याच्या ओसरीकडे निघतो आणि थिओडोरसला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भेटायला सांगतो. त्या सकाळचा संवाद म्हणजे ‘सोफिस्ट’. त्यात एलियाचा एक पाहुणा येतो आणि पार्मेनिडीसलाच आव्हान देतो : जे नाही तेही एका अर्थी आहे. त्यावर पुढच्या महिन्यात लिहायला घेतो. नदीकाठ, पार्मेनिडीसच्या बाजूने तुम्ही उभे राहा.